मुदतबाईंचे आठ तास

तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला राहणाऱ्या बाईंचं खरं नाव दाराच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचण्याची तसदी इमारतीत कुणी घेतलेली नाही. सगळे त्यांना मुदतबाई म्हणतात. तोंडावर नाही हो, तेवढी छाती कुणाची! पाठीमागे. कारण अगदी साधं. आपण कुणालाही जिन्यात म्हणतो, ‘या एकदा चहाला.’ समोरचा म्हणतो, ‘येईन हं,’ आणि दोघंही सुखाने आपापल्या वाटेला लागतात. मुदतबाई मात्र पिशवीतून डायरी काढून विचारतात, ‘कधी?’ बोलावणारा तिथल्या तिथे गार.

वय बावन्न, केस आखूड, चालणं असं की पायऱ्यांनीच बाजूला व्हावं. नोकरी एका कंपनीत. ही कंपनी जागा हलवून देते. घरं नाही, ऑफिसं, ग्रंथालयं, प्रयोगशाळा. कपाटं उचलणारे गडी वेगळे, गाड्या चालवणारे वेगळे. बाईंचं काम म्हणजे कोणतं कपाट कोणत्या दिवशी किती वाजता कुणी उचलायचं, आणि ते नव्या जागी पोचेपर्यंत तिथला रंग वाळलेला असेल की नाही, हे ठरवणं. शब्दकोशात याला प्रकल्प व्यवस्थापन म्हणत असतील. त्यांच्या सासूबाई म्हणतात, ‘पगार घेऊन लोकांच्या मागे लागणं.’

या मागे लागण्याचं त्यांच्याकडे रीतसर सर्टिफिकेट आहे, आणि ते दिवाणखान्यात सासऱ्यांच्या तसबिरीच्या बरोबर बाजूला, तिच्याहून दोन बोटं वर टांगलेलं आहे. सासूबाईंनी ती दोन बोटं मोजली आहेत. पण त्या सर्टिफिकेटासाठी बाईंनी काय रक्त आटवलं तेही त्यांनीच पाहिलंय. त्रेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसल्या. पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदा चार गुणांनी हुकल्या. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ताटं, दुसऱ्या बाजूला पुस्तकं. मुलगी शाळेचा अभ्यास करी, आई तिच्या समोर बसून आपला. तिसऱ्या वेळी पास झाल्या तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडल्या. नळाच्या आवाजाने कुणाला कळलं नाही अशी त्यांची समजूत आहे. भिंती किती पातळ आहेत हे तिसऱ्या मजल्याला विचारा.

आता गंमत अशी, की हे सर्टिफिकेट जन्मभराचं नाही. दर तीन वर्षांनी संस्थेला दाखवावं लागतं की बाई अजून शिकत आहेत, गंजलेल्या नाहीत. तीन वर्षांत साठ तासांचं शिक्षण. वर्ग करा, व्याख्यानं ऐका, पुस्तकं वाचा, पण तास नोंदवा. नाही भरले तर सर्टिफिकेट बाद, आणि परत हवं असेल तर परत परीक्षा. पहिल्या पानापासून.

मुदतबाईंना याची फिकीर कशाला? त्यांनी पहिल्या दिवसापासून तासांची नोंद ठेवली होती. साठ हवे होते, त्यांच्याकडे एकाहत्तर होते. महिन्याच्या तीस तारखेला मुदत संपत होती, आणि अकरा दिवस आधी, एकोणीस तारखेला, संध्याकाळी सहा वाजता चहाचा कप बाजूला ठेवून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. वीस मिनिटांचं काम. सहा वीसला भाजी चिरायची असं ठरलेलं.

सहा वीसला भाजी चिरली गेली नाही.

तासांचे तीन खाने होते. एक, कामाच्या पद्धती. दोन, धंद्याची समज. तीन, माणसं सांभाळणं: ऐकणं, समजावणं, भांडण मिटवणं वगैरे. एकूण साठ तर हवेतच, पण या खेपेपासून प्रत्येक खान्यात किमान आठ. बाईंच्या पहिल्या खान्यात अठ्ठावन्न. दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात भलं मोठं वाटोळं शून्य, आणि ते लाल रंगात.

बाईंनी डोळे चोळले. पान बंद करून परत उघडलं. शून्य जागच्या जागी.

असं झालं कसं? ऐका. तीन वर्षांत ऑफिसमध्ये ‘माणसं’ या विषयाचे पाच वर्ग झाले होते, आणि पाचही वेळा बाईंनी हाताखालच्यांची नावं पाठवली होती. ‘जा रे, तुम्हाला गरज आहे,’ असं स्वतः सांगून. आपलं नाव? छे! त्या दिवशी त्या आलेखाच्या वर्गात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी संस्थेला फोन लावला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, “मॅडम, एका खान्यातले तास दुसऱ्या खान्यात नाही टाकता येत.”

“पण एकूण एकाहत्तर आहेत!”

“हो मॅडम, दिसतंय मला. छान आहेत.”

“मग अकरा जास्तीचे आहेत त्यांचं काय करू?”

“अभिनंदन करते मी तुमचं,” मुलगी म्हणाली, आणि बिचारी मनापासून म्हणाली.

बाईंनी फोन ठेवला आणि कॅलेंडर पुढ्यात ओढलं. कारण सर्टिफिकेट भिंतीवरून उतरण्याएवढंच प्रकरण नव्हतं. शहरातल्या जुन्या रुग्णालयाची रक्त तपासणारी प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची होती, पुढच्या महिन्यात. आठ महिने बाई त्यावर खपत होत्या. आणि रुग्णालयाची अट होती, कामाच्या प्रमुखाकडे चालू सर्टिफिकेट हवं. एक तारखेला ते बाद झालं की काम दुसऱ्याच्या हातात, आणि बाई परत जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसलेल्या. बावन्नाव्या वर्षी.

बातमी मजल्यावर कशी पसरली हे विचारू नका, पसरते. समोरच्या दारातली शेजारीण त्याच दुपारी उपाय घेऊन हजर.

“अहो, त्यात काय एवढं? माझ्या भाचीने सांगितलंय, व्हिडिओवरचे वर्ग असतात. लावून द्यायचे, आवाज बंद करायचा, आपण आपले कपडे वाळत घालायचे. आठ तासांनी आपोआप कागद येतो.”

“आणि शिकायचं कधी?”

“अगंबाई, शिकायचं कशाला? कागद हवाय ना?”

मुदतबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “एखाद्या ठिकाणी मी ‘झालं’ अशी खूण करते ना, तेव्हा ते झालेलं असतं,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांत एकही खोटी खूण नाही. आता आठ तासांसाठी करू?”

शेजारीण चहा न घेताच गेली. जाताना जिन्यात म्हणाली, “सुंभ जळला तरी पीळ जात नाही.” ते बाईंना ऐकू आलं. भिंतींचं सांगितलंच आहे.

बाईंनी शोधून वर्ग काढला. शनिवारी, तेवीस तारखेला, पाच तास वर्गात आणि नंतर तीन तास सराव आपापल्या जागी. पाच आणि तीन आठ. विषय: ऐकणं. फक्त ऐकणं. सासूबाई म्हणाल्या, “हा विषय शिकवतात? मग आमच्या वेळी सुनांना कसं फुकटात येत होतं?”

वर्ग एका नाट्यगृहाच्या मागच्या तालमीच्या खोलीत होता. खुर्च्या गोलात मांडलेल्या. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, अंगात ढगळ सदरा, पायात काही नाही. त्या चार मिनिटं उशिरा आल्या, आणि मुदतबाईंनी ते त्यांना सांगितलं.

“बरं झालं सांगितलंत,” त्या हसून म्हणाल्या. “तुम्हाला उशिराचा त्रास होतो?”

“मला नाही होत. वेळापत्रकाला होतो.”

गोलात हशा पिकला. मुदतबाईंना कळेना, विनोद कुठे झाला.

मग जोड्या लावल्या. एकाने दहा मिनिटं आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. बाईंच्या वाट्याला एक रिटायर्ड बँकवाले आले. त्यांनी सुरुवात केली, “माझं आणि माझ्या भावाचं गेली काही वर्षं...”

“किती?” बाईंनी पेन सरसावलं.

“सहा. तर तो काय म्हणतो...”

“तुम्ही भेटायची वेळ ठरवली का? तटस्थ जागी भेटा. चर्चेचे मुद्दे आधी पाठवा. तीन पुरे.”

बँकवाले तोंड उघडं टाकून बघत राहिले. दहा मिनिटांपैकी नऊ शिल्लक होती.

शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. मुदतबाईंनी आधीच सांगून टाकलं, “हे बघा, मी प्रश्न सोडवते. माझं कामच ते आहे.”

“सोडवा की. पण आधी तो कुठला ते कळू द्या ना.” मग त्यांनी एक छापील कागद हातात ठेवला. “हा सराव. तीन माणसं निवडायची, ज्यांचं तुमच्याशी रोज काम पडतं. प्रत्येकाचं एक तास ऐकायचं. सल्ला नाही, उपाय नाही, तारीख नाही. ‘पण’ हा शब्द नाही. तासाच्या शेवटी त्या माणसाने लिहायचं, माझं ऐकलं गेलं: हो किंवा नाही. ‘नाही’ आलं तर तो तास धरला जात नाही. त्याच माणसाबरोबर परत.”

“आणि तिघंही ‘हो’ म्हणाले की?”

“शेवटी एक प्रश्न आहे: ऐकल्यामुळे काय बदललं? त्याचं उत्तर लिहायचं आणि त्याखाली तुमच्या वरिष्ठांची सही. मग मी तुम्हाला आठ तासांचा दाखला देते.”

बाईंनी बसस्टॉपवर उभं राहूनच तक्ता आखला. रविवार: सासूबाई. सोमवार: नवरा. मंगळवार: रुग्णालयाच्या नव्या इमारतीतला वायरमन. बुधवारी साहेबांची सही, गुरुवारी अर्ज. दोन दिवस हाताशी. ठरलं तर ठरलं.

सासूबाईंना ‘एक तास तुमचं ऐकायचंय’ म्हटल्यावर त्यांनी आधी सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्या गादीवर मांडी ठोकून बसल्या, दोन्ही उशा पाठीशी घेतल्या आणि म्हणाल्या, “कुठून सुरू करू?”

“तुम्हाला वाटेल तिथून, आई.”

बांध फुटला. गुडघा. गुडघ्याचा डॉक्टर. डॉक्टरच्या दारातली उर्मट मुलगी. तसबिरीपेक्षा दोन बोटं वर असलेलं सर्टिफिकेट. गोळ्यांचा डबा, ज्यावर सुनेने सात दिवसांचे रंग लावलेत आणि ज्यातला हिरवा आणि निळा म्हातारीला सारखाच दिसतो.

“सारखा दिसतो?” बाई उडाल्या. “प...” आणि ‘पण’चा पुढचा भाग त्यांनी दाताखाली धरला.

“दोन महिने झाले, मी बोटांनी मोजून घेते,” सासूबाई म्हणाल्या. “तुला सांगितलं असतं तर तू नवीन डबा आणला असतास, त्याला अजून चार रंग.”

तास संपला तरी सासूबाई थांबेनात. एक तास चाळीस मिनिटं झाली. शेवटी त्यांनी ‘हो’वर एवढी मोठी खूण केली की कागद फाटायला आला. “उद्या पण आहे का हे?” त्यांनी विचारलं.

नवऱ्याचं काम सोपं जाईल असा बाईंचा हिशेब. नवरा चष्मेवाला. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर छोटंसं दुकान, भिंग घासायचं यंत्र, काउंटरवर आरसा. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी आवाज चढवून बोललेला नाही. सोमवारी संध्याकाळी बाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, हात मांडीवर, ओठ मिटलेले. नवऱ्याने पुरवठा करणाऱ्याबद्दल थोडं सांगितलं, रस्ता खणलाय त्याबद्दल थोडं सांगितलं, आणि मध्ये बराच वेळ चष्मा पुसत बसला. तास झाला. बाईंनी कागद पुढे केला.

त्याने चष्मा वर सरकवून कागद नीट वाचला. मग ‘नाही’वर खूण केली.

“अहो! एक शब्द बोलले नाही मी!”

“बोलली नाहीस. घड्याळाकडे मात्र अकरा वेळा पाहिलंस.”

“तुम्ही मोजत होतात?”

“तुझ्या संगतीत लागलंय,” तो म्हणाला.

आता खरं सांगा, दुसरी असती तर म्हणाली असती, ‘करा हो सही, घरचा मामला आहे.’ समोरच्या शेजारणीने तर म्हटलंच. “मी करते तुमच्या मिस्टरांची सही. कुणाला कळतंय?” बाईंनी तिच्या तोंडावर दार लावलं, म्हणजे हळूच लावलं, पण लावलं. मंगळवारी वायरमन दुसऱ्या कामावर निघून गेलेला, दुकानही उशिरा बंद झालं. बुधवारी परत बसल्या. या वेळी घड्याळ काढून स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ केली. तक्त्यातले दोन मोकळे दिवस गेले होते. तरी त्या बसल्या.

नवरा बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत होता. मग म्हणाला, “उजवा हात कापतो माझा. चार महिने झाले. बारीक स्क्रू बसवताना. मोठ्या फ्रेम मी करतो, बारीक कामं दुकानातल्या मुलीला देतो. तिला वाटतं मी तिला शिकवतोय.”

बाईंच्या डोक्यात तीन डॉक्टर, दोन तपासण्या आणि एक शुक्रवार सकाळ एका क्षणात रांगेत उभे राहिले. जीभ टाळूला लावून त्यांनी ते सगळे परतवले.

“तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच तारीख घेतली असतीस,” तो म्हणाला. “आणि तारीख मिळाली की ते खरं झालं असतं.”

बाईंचे डोळे भरून आले, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही; म्हटलं त्यातही काही नियम मोडायचा. तो बोलत राहिला. वडिलांचा हातही असाच कापायचा, कप बशीवर वाजायचा, घरात सगळे त्या आवाजाकडे कानाडोळा करायचे. असं बरंच. मग तो थांबला आणि म्हणाला, “तास संपला का?”

“माहीत नाही. घड्याळ डब्यात आहे.”

त्याने भिंतीवर पाहिलं. “संपला. दे कागद.” ‘हो’वर खूण करून, सही करून त्याने पेन खाली ठेवलं. “आता सांग, कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?”

“शुक्रवारी सकाळी दहा,” बाई एका दमात म्हणाल्या, आणि मग दोघंही असे हसले की आतून सासूबाई ओरडल्या, “काय झालं, मलाही सांगा!”

उरला वायरमन. गुरुवार, अठ्ठावीस तारीख.

नव्या इमारतीच्या तळघरात त्याचा मुक्काम. पन्नाशीचा माणूस, अंगावर पिशव्यांसारखे खिसे, बोलणं मोजून मापून. गेल्या दीड महिन्यात बाईंनी त्याला एकोणीस पत्रं पाठवली होती, शेवटची सहा लाल अक्षरांत. विषय एकच: फ्रीझरच्या खोलीची वीज कधी पूर्ण होणार, तारीख कळवा. तो प्रत्येक बैठकीत म्हणायचा, “एकदम नाही चालणार, मॅडम.” बाई म्हणायच्या, “तारीख सांगा.” तो गप्प बसायचा. सगळ्यांचं ठरलेलं मत: माणूस आळशी.

“तुमचं ऐकायला आलेय,” बाई म्हणाल्या.

“काय चुकलं?” वायरमनने आधी विचारलं.

“काही नाही. एक तास तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं.”

त्याने बाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?”

केबलच्या रिकाम्या रिळावर बाई बसल्या. वायरमन उलट्या बादलीवर. पहिली पंधरा मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. थर्मासच्या झाकणात चहा ओतला, प्याला, झाकण पुसलं, परत लावलं. वरून ड्रिल मशीनची घरघर. बाईंना वाटलं, हा तासही गेला. उद्या साहेबांची सही, परवा शेवटची तारीख. ओठांवर ‘बोला ना’ आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग अर्धं मिनिट गेलं आणि आणखी एकदा गिळलं.

“सहा फ्रीझर आहेत,” तो अचानक म्हणाला. “उणे ऐंशी अंशांवर चालणारे. तुमच्या तक्त्यात सहाही एकाच रविवारी हलतात.”

बाईंनी मान हलवली. तो रविवार म्हणजे त्यांच्या तक्त्याची शान होती. एका दिवसात सहा.

“चालू फ्रीझर थोडी वीज खातो. पण हलवून आणलेला, गरम झालेला फ्रीझर सुरू केला की तो भुकेलेल्या माणसासारखा ओढतो. तासन्‌तास ओढतो. सहा जण एकदम ताटावर बसले की विजेचं पॅनल पडणार. पॅनल पडलं की सहाही बंद, आणि आत लोकांचं रक्त. पुन्हा उणे ऐंशीला यायला एकेकाला जवळजवळ दिवस लागतो. तोवर नमुने कुठे ठेवणार?”

‘हे पत्रात का नाही लिहिलंत?’ एवढंच विचारायचं होतं बाईंना. फक्त एवढंच. त्यांनी रिळाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

तो जणू ऐकल्यासारखं म्हणाला, “मला पत्र लिहिता येत नाही तुमच्यासारखं. बैठकीत म्हणायला जातो, तुम्ही तारीख विचारता. मी तारीख सांगितली असती तर तुम्ही ती तक्त्यात टाकली असती, आणि मग चूक माझ्या नावावर चढली असती. म्हणून गप्प.”

वर ड्रिल थांबलं.

“कोपऱ्यात तो सातवा फ्रीझर खोक्यात पडलाय,” वायरमनने बोट दाखवलं. “नवा कोरा. तुमच्या तक्त्यात तो सगळ्यात शेवटी उघडतो. मी असतो तर सगळ्यात आधी उघडला असता. रिकामा गार करायचा. जुन्यांतल्या एकाचा माल त्यात आणायचा. तो रिकामा झालेला हलवायचा, दोन दिवस गार होऊ द्यायचा, मग दुसऱ्याचा माल त्यात. असं एकामागे एक. बारा दिवस जास्त लागतील. पण काही पडणार नाही.”

तो पुढे बोलत राहिला. अशीच एक चूक त्याने तरुणपणी पाहिली होती, दुसऱ्या कुठल्याशा इमारतीत. बाई ऐकत होत्या, आणि आठ महिन्यांच्या त्या देखण्या तक्त्याच्या एकेक चौकोनातली हवा निघत होती. तास संपल्यावर त्यांनी कागद पुढे केला.

“यात माझ्यावर काही येणार नाही ना?” वायरमनने खूण करण्याआधी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्यावर येईल.”

घरी जाईपर्यंत त्यांच्या मनात दोन गोष्टी झुंजत होत्या. शेवटचा प्रश्न: ऐकल्यामुळे काय बदललं? तिथे ‘कुटुंबात व सहकाऱ्यांत सुसंवाद वाढला’ असं लिहिलं असतं, तर साहेबांनी न वाचता सही केली असती. बारा दिवसांचं मग बघता आलं असतं, सर्टिफिकेट हातात पडल्यावर. आणि खरं लिहिलं, तर साहेबांना पहिल्या ओळीतच कळणार की आपल्या सगळ्यात काटेकोर बाईंनी आठ महिने चुकीचा तक्ता छातीशी धरला होता. ज्या कामासाठी सर्टिफिकेट वाचवायचं, तेच काम काढून घ्यायला ते मोकळे.

बाईंनी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. चार ओळी, खाडाखोड नाही. ‘सासूबाईंना गोळ्यांच्या डब्याचे रंग ओळखता येत नाहीत हे कळलं. पतीच्या हाताचं कळलं. वायरमन दीड महिना जे सांगत होते ते बरोबर आहे. माझा तक्ता चूक आहे. काम बारा दिवसांनी पुढे जाईल.’

शुक्रवारी सकाळी नवऱ्याला डॉक्टरकडे सोडून त्या साडेअकराला साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. एका हातात कागद, दुसऱ्या हातात नवा तक्ता. साहेब गुबगुबीत, गोड बोलणारे, आणि वाईट बातमी ऐकली की कपाळ चोळणारे. त्यांनी कागद वाचला आणि कपाळ चोळायला लागले.

“हे असं लिहायलाच हवं का? ‘सुसंवाद वाढला’ लिहा ना. मी सही करतो, तुमचं सर्टिफिकेट होऊ दे. बारा दिवसांचं आपण नंतर हळूच बघू.”

“सुसंवाद वाढलाय साहेब. त्यातूनच हे बाहेर आलं.”

“अहो, पण हा कागद तुमच्या फाइलला लागेल!”

“लागू दे.”

“मी रुग्णालयाला काय सांगू? आठ महिने आपण त्यांना तो रविवार दाखवतोय.”

“तुम्ही नका सांगू. मी सांगते. आणि वायरमनना बरोबर नेते. ते बोलतील, त्यांना माझ्याहून जास्त कळतं.” बाईंचा आवाज थोडा चिरकला, पण थांबला नाही. “त्यानंतर त्यांनी मला नको म्हटलं तर काढा मला. सही मात्र खऱ्यावर करा.”

साहेबांनी आणखी थोडं कपाळ चोळलं आणि सही केली. “तीनला भेट ठरवतो,” ते म्हणाले. “त्यांचा निर्णय तो माझा.”

तीन वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीण बाईंसमोर दोघं बसले. वायरमनने शर्ट बदलला होता, खिसे मात्र तेवढेच. मुदतबाईंनी एका वाक्यात सांगितलं की तक्ता चुकला आणि चूक आपली, आणि मग खुर्ची थोडी मागे घेतली. वायरमन अडखळला. पाणी प्याला. डॉक्टरीण बाई घड्याळाकडे पाहू लागल्या तशी मुदतबाईंना त्याचं वाक्य पूर्ण करायची अनावर इच्छा झाली. त्यांनी मांडीला चिमटा काढला. मग वायरमनने टेबलावरचे सहा पेपरवेट ओढून घेतले आणि ते एकेक करून सरकवत सगळं सांगितलं.

डॉक्टरीण बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. “माझे नमुने कितीदा धोक्यात येतात?”

“एकदाही नाही,” वायरमन म्हणाला.

“आणि त्या रविवारी आले असते?”

“हो,” हे उत्तर मुदतबाईंनी दिलं.

डॉक्टरीण बाईंनी नव्या तक्त्यावर बोट फिरवलं. चेहरा काही प्रसन्न नव्हता. “बारा दिवस मला वरच्या लोकांना समजावावे लागतील. त्याचा मला राग आहे, तुमच्यावर. रविवारनंतर कळलं असतं, तर राग नसता आला, दुसरंच काही आलं असतं.” त्या उठल्या. “काम तुम्हीच करा. पण दर सोमवारी मला तुम्ही दोघं इथे हवे आहात. एकटा तक्ता नको.”

पाच वाजता कागद शिकवणाऱ्या बाईंच्या हातात. त्यांनी शेवटच्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि दाखला दिला. तीस तारखेला, शनिवारी सकाळी, मुदतबाई ऑफिसच्या रिकाम्या हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसल्या. तिसऱ्या खान्यात आठ आकडा टाकला. लाल रंग गेला. चक्र फिरलं, बराच वेळ फिरलं, आणि पान उघडलं: नूतनीकरण मंजूर, पुढील तीन वर्षांसाठी. बाईंनी ते पान साहेबांना पाठवलं, पर्स उचलली आणि नव्या इमारतीत जायला निघाल्या.

तळघरात वायरमनने खोकं फोडलं होतं. पांढराशुभ्र फ्रीझर भिंतीशी उभा, तारा जोडलेल्या. त्याने बटण दाबलं. आत घरघर सुरू झाली, दारावरचा आकडा एकवीस होता, तो वीस झाला. पॅनलवरची सुई उसळली, थरथरली आणि स्थिर झाली. मुदतबाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. आकडा शून्याखाली जायला चांगलाच वेळ लागणार होता.

वायरमनने घसा खाकरला. “मॅडम, त्या दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीबद्दल एक सांगायचं होतं. बाहेरच्या.”

बाईंनी केबलचं रीळ ओढलं आणि बसल्या.